सह्यांचे बंद आणि गव्हर्नराचें पद : अमेरिकेंतील प्रत्यावाहन-अर्जांविषयीं

जुना कागद हातीं आला म्हणजे आपण प्रथम तीन प्रश्न विचारतों : सही कोणाची, ती कोणासमक्ष झाली, आणि कागद आजवर कोणाच्या दप्तरांत होता. महजर असेल तर गोतानें केलेल्या निशाण्या, कुणब्याचा नांगर, सुताराचें किंकरें, यांवरून निवाड्याचें वजन ठरतें. हेच तीन प्रश्न एका निराळ्या व अगदीं अलीकडच्या कागदास विचारून पाहावे, असें आम्हांस वाटलें.

हा कागद म्हणजे, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं कांहीं राज्यांत, निवडून आलेल्या अधिकाऱ्यास मुदत संपण्यापूर्वींच परत बोलावण्यासाठीं मतदारांनीं करावयाचा अर्ज. त्यास येथें प्रत्यावाहनाचा अर्ज म्हणूं. अधिकाऱ्यास दूर करण्याचे दुसरेही मार्ग तेथें आहेत. विधिमंडळ दोषारोप ठेवून त्याची चौकशी करूं शकतें. परंतु चौकशी म्हटली कीं पुरावा आला. कॅलिफोर्नियाच्या अर्जास पुरावा लागत नाहीं. अर्जांत दिलेलें कारण पुरेसें आहे कीं नाहीं हें कोणीं तपासावयाचें नाहीं, असें त्या राज्याच्या घटनेंतच लिहिलें आहे. ठराविक संख्येच्या खऱ्या सह्या भरल्या कीं निवडणूक लावावीच लागते. सगळा भार सहीच्या अस्सलपणावर येऊन पडतो तो असा.

पद्धतीचा इतिहास थोडक्यांत सांगतों. लॉस एंजेलिस शहरानें १९०३ सालीं हा हक्क आपल्या सनदेंत घातला. राज्याच्या अधिकाऱ्यांस तो ऑरेगननें १९०८ सालीं व कॅलिफोर्नियानें १० ऑक्टोबर १९११ च्या मतदानानें लागू केला. ॲरिझोनाची हकीकत मौजेची आहे. न्यायाधीशांसही परत बोलावण्याचें कलम तेथील नियोजित घटनेंत होतें, म्हणून राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनीं १९११ सालीं त्या प्रदेशास राज्याचा दर्जा देण्याचा ठराव नाकारला. ॲरिझोनानें कलम काढलें, १४ फेब्रुवारी १९१२ रोजीं तें राज्य झालें, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत तें कलम घटनेंत पुनः घालून मोकळें झालें!

या अर्जानें पद गमावणारा पहिला गव्हर्नर नॉर्थ डकोटाचा लिन फ्रेझियर. २८ ऑक्टोबर १९२१ रोजीं तो व त्याचे दोन सहकारी दूर झाले. मात्र ज्या सरकारी पेढीवरून वाद पेटला ती पेढी त्याच मतदानांत लोकांनीं राखली, आणि पुढच्याच वर्षीं फ्रेझियरला सेनेटवर निवडून दिलें. राग माणसावर होता कीं त्याच्या धोरणावर, हें त्या आंकड्यांवरून सांगणें कठीण.

आतां प्रत्यक्ष कागदाकडे वळूं. कॅलिफोर्नियांत गव्हर्नराविरुद्ध अर्ज करावयाचा तर त्या पदासाठीं मागील निवडणुकींत पडलेल्या मतांच्या १२ टक्के सह्या १६० दिवसांत जमवाव्या लागतात. शिवाय निदान पांच कौंट्यांतून, तेथील मतांच्या एक टक्क्याइतक्या सह्या आल्या पाहिजेत. एकाच शहराच्या बळावर काम भागूं नये हा हेतु उघड आहे. अर्जाच्या प्रत्येक भागावर अर्जदारांचें म्हणणें दोनशें शब्दांच्या आंत छापतात, आणि अधिकाऱ्यानें उत्तर दिलें असेल तर तेंही तितक्याच शब्दांत त्याच भागावर येतें. वादी व प्रतिवादी एकाच कागदावर शेजारीं बसलेले पाहावयास मिळणें ही आमच्या मतें या अर्जांची सर्वांत सुंदर गोष्ट होय. सही करणारानें नांव व राहण्याचा पत्ता स्वहस्तें लिहावयाचा. सह्या गोळा करणारानें, त्या आपल्या डोळ्यांदेखत झाल्या असें, खोटें ठरल्यास शिक्षेस पात्र राहून, शेवटीं लिहून द्यावयाचें. मग कौंटीचा अधिकारी ती सही मतदाराच्या नोंदणीपत्रावरील सहीशीं ताडून पाहतो. जुळली नाहीं, किंवा पत्ता निराळा निघाला, तर ती बाद. अक्षर ताडून पाहण्याची आपली विद्या तेथें एका राज्याचें भवितव्य ठरविते!

२००३ सालीं गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांच्याविरुद्धच्या अर्जास ८,९७,१५८ सह्या हव्या होत्या. खऱ्या ठरल्या त्या १३,५६,४०८. या कामीं डॅरेल इसा या काँग्रेस-सभासदानें पंधरा लाखांहून अधिक डॉलर ओतले, व पुष्कळ सह्या पगारी माणसांनीं जमविल्या. साक्षीदारच मजुरीवर आणलेला, हें खटकतें खरें. पण ताडणी सरकारी असल्यानें सहीचा खरेपणा त्यामुळें बाधत नाहीं. ७ ऑक्टोबर २००३ रोजीं डेव्हिस पदच्युत झाले व अर्नोल्ड श्वार्झनेगर निवडून आले.

विस्कॉन्सिनची रीत निराळी. तेथें गव्हर्नरपदाच्या मागील निवडणुकींतील मतांच्या २५ टक्के सह्या, आणि मुदत अवघी ६० दिवस. नोंदणीपत्राशीं ताडणी नाहीं. वरवर तपासून मंडळ सही धरतें, आणि आक्षेप घेण्याचा भार अधिकाऱ्यावर. गव्हर्नर स्कॉट वॉकर यांच्याविरुद्ध ५,४०,२०८ सह्या पुरत होत्या. ३० मार्च २०१२ रोजीं नऊ लाखांवर सह्या ग्राह्य ठरल्या. त्यापूर्वींच, जानेवारींत, निवडणूक-मंडळानें सुमारे दीड लाख पानें इंटरनेटवर सर्वांस खुलीं केलीं, आणि स्वयंसेवकांनीं नांवें उतरून घेऊन शोधयाद्या केल्या. त्या पानांत मिकी माउस व हिटलर यांच्याही सह्या सांपडल्या. पण चिकित्सेचा खरा परिणाम दुसरीकडेच झाला. कोणत्या न्यायाधीशानें सही केली, कोणत्या वृत्तपत्राच्या बातमीदारानें केली, हें त्याच वसंतऋतूंत छापून आलें. ५ जून २०१२ रोजीं वॉकर यांनीं निवडणूक जिंकली. पुढील वर्षीं त्यांनीं राज्य-विद्यापीठाच्या नियामक मंडळावर एका विद्यार्थ्याची नेमणूक जाहीर केली होती. त्याची सही त्या पानांत असल्याचें उघड होतांच ती मागें घेण्यांत आली.

खुलेपणास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा आधार आहे. जून २०१० मध्यें वॉशिंग्टन राज्यांतील एका निराळ्या अर्जाच्या प्रकरणीं, सह्या उघड करणें सामान्यतः घटनेविरुद्ध नाहीं, असें त्यानें आठ विरुद्ध एक मतानें ठरविलें. कॅलिफोर्निया मात्र उलट वाटेनें जातें. तेथें अर्ज सार्वजनिक कागद मानीत नाहींत. निवडणूक-निकाल प्रमाणित झाल्यापासून आठ महिने ते जपावयाचे, व चौकशी वा दावा चालू नसेल तर नष्ट करावयाचे. सही परत घेण्यास मात्र पुढें कायद्यानें मुदत दिली. गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांच्याविरुद्ध २०२१ सालीं सतरा लाखांहून अधिक सह्या ग्राह्य ठरल्यावर ती मुदत लागली. सही मागें घेणारे निघाले अवघे ४३. १४ सप्टेंबर २०२१ रोजीं न्यूसम पदावर कायम राहिले.

कागद जाळण्याचा कायदा वाचून संग्राहकाचें मन कळवळतें, आणि आम्हीही त्यास अपवाद नाहीं. तरी विस्कॉन्सिनच्या त्या विद्यार्थ्याची हकीकत समोर असतां, सगळें उघडें ठेवा असें म्हणण्यास आमची जीभ वळत नाहीं. महजरावर निशाणी करणारा कुणबी गोतांत उभा असे व त्याला पाहणारें सगळें गांव त्याच्या ओळखीचें असे. येथें वाचणारा अनोळखी आणि सर्वत्र पसरलेला. मध्यम मार्ग त्याच देशांत चालू आहे. तेथील जनगणनेचे व्यक्तिशः तपशिलाचे कागद ७२ वर्षे बंद ठेवून मग अभ्यासकांस देतात. १९५० चे तक्ते त्याप्रमाणें १ एप्रिल २०२२ रोजीं खुले झाले. प्रत्यावाहनाच्या अर्जांस तोच नियम लावला असता, तर डेव्हिस-प्रकरणांतील बंद २०७५ च्या सुमारास अभ्यासकांच्या हातीं येते.