विश्लेषण : ‘आज काय करायचे?’ या रोजच्या प्रश्नाचे उत्तर रविवारी का शोधावे?

नोकरी, शाळा, शिकवण्या आणि प्रवास यांतच दिवस संपणाऱ्या घरांत स्वयंपाकापेक्षा स्वयंपाकाचा विचारच अधिक दमवतो. फ्रिजमध्ये मेथी पिवळी पडते, त्याच दिवशी बाहेरून जेवण मागवले जाते आणि महिनाअखेरीस किराण्याचा हिशेब हाताबाहेर गेलेला असतो. आठवड्याच्या जेवणाचा आणि खरेदीचा आराखडा केल्यास काय फरक पडतो, तो कसा करावा आणि बहुतेक घरांत तो दुसऱ्याच आठवड्यात का बारगळतो, याविषयी...

नेमकी अडचण कुठे आहे?

दोघेही कमावते, एक मूल शाळेत, एक कॉलेजात, अशा घरात रोज किमान तीनदा निर्णय घ्यावा लागतो : डब्याला काय, संध्याकाळच्या खाण्याला काय आणि रात्री काय. निर्णय ऐनवेळी घेतला की घरात असलेले जिन्नस लक्षात येत नाहीत, नसलेले मात्र चटकन आठवतात. मग कोथिंबिरीसाठी कोणी खाली उतरतो आणि सोबत चार वस्तू घेऊन येतो. किंवा दहा मिनिटांत घरपोच किराणा देणाऱ्या ॲपवर एका दह्याच्या डब्यासाठी ऑर्डर टाकली जाते आणि घरपोच शुल्क टाळण्यासाठी त्यात चिप्सचे पाकीट वाढवले जाते.

यात जाणारा पैसा थोडाथोडका नाही. केंद्र सरकारच्या २०२३-२४च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार शहरी कुटुंबाच्या मासिक खर्चातील सुमारे ४० टक्के आणि ग्रामीण कुटुंबाच्या खर्चातील सुमारे ४७ टक्के वाटा खाण्यापिण्याचा आहे. शहरांत या एकूण खर्चातील ११ टक्के रक्कम पेये आणि तयार, प्रक्रिया केलेल्या पदार्थांवर जाते. दुसरीकडे, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालात भारतात घराघरांतून वाया जाणाऱ्या अन्नाचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो इतका दिला आहे. चौघांच्या घराचा हिशेब केला तर हे २२० किलो होतात. जगाची सरासरी माणशी ७९ किलो आहे, म्हणून आपण बरे, एवढेच समाधान.

हे काम कोणाच्या वाट्याला येते?

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या २०२४च्या वेळ वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे बिनमोबदल्याच्या घरकामात जात असल्याचे दिसले. घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी ८८ मिनिटे होती. स्वयंपाक, साफसफाई, कपडे, खरेदी अशा कामांची ही वेळ आहे.

लोकलमध्ये उभ्या उभ्या ‘मटकी भिजवायची राहिली’ म्हणून होणारी चुटपुट मात्र अशा मोजणीत सहजी सापडत नाही. साखर किती उरली, कोणाला वांगे चालत नाही, गुरुवारी कोणाचा उपवास आहे, शनिवारी सासूबाई येणार आहेत, ही सगळी माहिती बहुतेक घरांत एकाच व्यक्तीच्या डोक्यात असते. ‘मला सांग, मी आणतो’ या वाक्यात मदतीची तयारी असली तरी काय आणायचे ते ठरवण्याचे काम सांगणारीकडेच राहते. आराखडा कागदावर उतरवण्याचा खरा फायदा इथे आहे. तो घरातल्या प्रत्येकाला वाचता येतो आणि वाचून कामाला लागता येते.

नियोजन ही नवी कल्पना आहे का?

मुळीच नाही. उन्हाळ्यात वर्षभराचे गहू-तांदूळ भरणे, मसाला आणि तिखट कुटून आणणे, पापड, कुरडया, सांडगे घालणे ही बेगमी म्हणजे वार्षिक नियोजनच होते. कोकणात पावसाळ्याआधी आगोटीचे सामान भरले जाई : सुकी मासळी, आमसुले, कांदे, कडधान्ये. गोव्यात याच साठवणीला पुरुमेंत म्हणतात आणि मडगावात त्यासाठी भरणारा पुरुमेंताचा बाजार आजही ओळखीचा आहे. पावसाळ्यात मासेमारीबंदी असते, भाजी महागते आणि चिखलाने भरलेली येते, हे गृहीत धरून ही तजवीज केली जाई.

शहरांतल्या लहान घरांत पोती ठेवायला जागा नाही आणि वाळवणाला गच्चीही नाही. वर्षाची बेगमी महिन्याच्या किराण्यावर आली, तिथून आठवड्यावर आणि आता ॲपमुळे तासावर. साठवणीची जागा कमी झाली तसा अंदाज बांधण्याचा सरावही कमी झाला.

आठवड्याचा आराखडा कसा करावा?

सुरुवात पाककृतींपासून नव्हे, कॅलेंडरपासून करावी. कोणत्या दिवशी कोण उशिरा येणार, कोणाचा उपवास, कोणाचे बाहेर जेवण, हे आधी मांडावे. नंतर फ्रिज आणि डबे उघडून घरात काय आहे ते पाहावे. खरेदीची यादी सर्वांत शेवटी.

सात दिवसांचे सात पदार्थ ठरवण्याची गरज नसते. प्रकार ठरवले तरी पुरते. रविवारी भाजी आणणाऱ्या घराचा एक साधा नमुना असा : सोमवारी पालेभाजी, कारण ती आधी खराब होते. मंगळवारी भेंडी, गवार अशी कोवळी भाजी. बुधवारी उसळ. गुरुवारी दुधी, कोबी किंवा लाल भोपळा, जे चार दिवस सहज टिकतात. शुक्रवारी पिठले, झुणका किंवा थालीपीठ, ज्याला बाजारात जावे लागत नाही. शनिवारी उरलेसुरले संपवणारी खिचडी किंवा मसालेभात. रविवारी मासे, मटण, अंडी, पनीर किंवा घराला आवडेल ते. ज्यांच्याकडे वार पाळले जातात त्यांनी दिवस आपल्या सोयीने बदलावेत. टिकण्याचा क्रम तेवढा सांभाळावा.

कागदावर पदार्थाशेजारी आदल्या दिवशीचे कामही लिहावे. बुधवारची मटकीची उसळ सोमवारी रात्रीच सुरू होते : रात्री भिजत घालायची, मंगळवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची, तेव्हा बुधवारी सकाळी मोड आलेले असतात. ‘सोम. रात्री मटकी’ एवढी नोंद असेल तर ते काम आठवीतला मुलगाही करू शकतो.

भाजीचे नाव पक्के न करता प्रकार ठरवण्याचा आणखी एक फायदा भावाशी जोडलेला आहे. जुलै २०२३मध्ये अनेक शहरांत टोमॅटो किलोला २०० रुपयांवर गेला होता. अशा वेळी आंबटपणासाठी आमसूल, चिंच किंवा दही वापरणाऱ्या घराचा आराखडा मोडत नाही.

किती आणायचे, हे कसे ठरवावे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४मध्ये आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दिवसाला २००० किलोकॅलरीच्या आहारासाठी त्यांत माणशी प्रमाण असे सांगितले आहे : धान्ये २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, डाळी-कडधान्ये किंवा अंडी-मासे-मांस ८५ ग्रॅम, दाणे आणि तेलबिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलीलिटर.

चौघांसाठी याचा गुणाकार केला की यादी तयार होते. महिन्याला धान्य ३० किलो, डाळी-कडधान्ये आणि त्यांना पर्यायी पदार्थ मिळून सुमारे १० किलो, तेल-तूप सव्वातीन किलोच्या आत. आठवड्याला भाजी ११ किलो, फळे पावणेतीन किलो. वय, मेहनत आणि आजार यांनुसार गरज बदलते, आणि दुपारचे जेवण बाहेर होत असेल तर तेवढे वजा करावे लागते. तरीही आपल्या पिशवीशी हे आकडे ताडून पाहण्यासारखे आहेत. चौघांच्या घरात तेलाचा पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल आणि भाजी आठवड्याला चार किलोच येत असेल, तर आराखडा नेमका कुठे बदलायचा ते कळते.

खरेदी कधी आणि कशी करावी?

तीन याद्या वेगळ्या ठेवल्या तर गोंधळ कमी होतो. पहिली महिन्याची : डाळी, तांदूळ, तेल, साखर, मसाले. दुसरी आठवड्याची : भाजी, फळे, अंडी. तिसरी रोजची : दूध, पाव. कोणती वस्तू संपत आली की ती वापरणाऱ्यानेच यादीत लिहायची, हा नियम घरातल्या सर्वांना लागू असावा. यादी फ्रिजच्या दारावर असो वा घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, जागा एकच हवी.

मोठे पाकीट स्वस्तच पडते असे नाही. पाकिटावर एमआरपीबरोबर प्रति ग्रॅम, प्रति किलो किंवा प्रति लिटर किंमतही छापलेली असते. दोन पाकिटांची तुलना करताना तीच पाहावी. ‘एकावर एक मोफत’चे दुसरे पाकीट आराखड्यात बसत नसेल तर त्यातली बचत कपाटात पडून राहते. रवा, बेसन, शेंगदाणे यांना पावसाळ्यात कीड किंवा खवट वास लवकर लागतो. त्या दिवसांत महिन्याऐवजी पंधरा दिवसांचेच भरावे.

पाकिटावरील तारखांतही फरक असतो. ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख दर्जाची असते. नीट साठवलेल्या पदार्थाची चव किंवा कुरकुरीतपणा त्यानंतर कमी होऊ शकतो. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ची तारीख उलटल्यावर मात्र पदार्थ खाऊ नये.

आठवड्याची तयारी करताना काय टाळावे?

रविवारी सगळ्या भाज्या चिरून ठेवणे हा हमखास फसणारा उत्साह आहे. चिरलेली भाजी लवकर खराब होते. मेथी-कोथिंबीर निवडून, न धुता, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवावी. कांदे-बटाटे फ्रिजबाहेर, हवेशीर आणि एकमेकांपासून दूर असावेत. लसूण सोलणे, दाण्याचे कूट करणे, खोबरे खवून फ्रीझरमध्ये ठेवणे ही कामे मात्र आठवडाभर उपयोगी पडतात, आणि टीव्ही पाहता पाहता दोघातिघांना वाटून करता येतात.

शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये आणि फ्रिज ५ अंशांच्या खाली असावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रात्रीचा भात सकाळपर्यंत ओट्यावर राहिला तर नंतर फोडणी देऊनही तो सुरक्षित होत नाही. काही जिवाणूंनी तयार केलेले विष उष्णतेनेही टिकून राहते. उरलेला भात पसरट भांड्यात लवकर निववून फ्रिजमध्ये ठेवावा आणि लागेल तेवढाच काढून वाफ येईपर्यंत गरम करावा.

एरवी उरलेले संपवण्याची कला मराठी स्वयंपाकघराला शिकवावी लागत नाही. पोळीचा कुस्करा, फोडणीचा भात, आंबट दह्याची कढी, मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून भाजी हे पदार्थ त्यातूनच आले. फरक एवढाच, की त्यांना आराखड्यात आधीच जागा ठेवावी. नाहीतर शनिवारी नवी भाजी चिरली जाते आणि जुनी सोमवारी कचऱ्यात जाते.

आराखडा बारगळतो कशामुळे?

बहुतेक वेळा दोन कारणांनी. एक म्हणजे तो फार भरगच्च असतो. सातही रात्रींचे ताजे जेवण ठरवले की एखादा पाहुणा, एखादी उशिराची मीटिंग किंवा पोळ्यांच्या मावशींची सुट्टी पुरेशी ठरते. पाचच रात्री ठरवाव्यात. एक रात्र उरलेल्याची आणि एक मोकळी ठेवावी. घरात कायम दोन आयत्या वेळच्या जेवणांचे सामान असावे : भाजणी आणि बेसन, तांदूळ आणि मूगडाळ. बाहेरून मागवायचेच असेल तर तेही कागदावर लिहावे. ठरवून मागवलेल्या जेवणाचा खर्च हिशेबात राहतो.

दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. आराखडाही त्याच व्यक्तीने करायचा, तिनेच तो भिंतीवर लावायचा आणि इतरांना आठवणही तिनेच करून द्यायची, असे झाले तर तिच्या कामात आणखी एका कामाची भर पडते. यावर उपाय म्हणजे आठवडे वाटून घेणे. ज्याचा आठवडा, त्याने डबे तपासायचे, यादी करायची आणि बाजारात जायचे. पहिल्या खेपेला गवार जून येईल, जिरे विसरले जाईल, दोन रात्री सलग बटाट्याचीच भाजी होईल. ती मुकाट्याने खाऊन पुढच्या आठवड्याची यादी पुन्हा त्याच्याच हाती देणे, हा या नियोजनातला सर्वांत अवघड भाग आहे. ‘राहू दे, मीच बघते’ हे वाक्य तेवढे टाळता आले, तर महिनाभरात डाळीचा डबा कुठे असतो ते घरात सगळ्यांना ठाऊक होते.