कर्ज आणि सरकारी गुपिते

सोसायटीच्या गोदामाची किल्ली कुणाकडे द्यायची, असा प्रश्न निघाला की आपण काय पाहतो? माणूस चोख आहे का, ते पाहतो. त्याच्या डोक्यावर देणे किती, हेही कुणीतरी हळूच विचारतोच. अमेरिकेचे सरकारही हेच विचारते. फक्त तिथे किल्ली धान्याची नसते, सरकारी गुपितांची असते.

लढाईची जहाजे कशी बांधली, आपले हेर कुठे आहेत, असल्या गोष्टी सरकार झाकून ठेवते. अशा गुप्त कामावर जायचे, तर आधी सरकारची परवानगी लागते. ती मोठ्या साहेबालाच लागते असे नाही, बरं का! वायर जोडणाऱ्याला, झाडलोट करणाऱ्यालाही लागू शकते.

आता कुणी म्हणेल, ''माझे कर्ज ही माझ्या घरची गोष्ट. सरकारला त्याचे काय?'' तर ही एक खरी हकिगत ऐका.

ऑल्ड्रिच एम्स नावाचा माणूस सी.आय.ए. या अमेरिकेच्या हेरखात्यात नोकरीला होता. बायकोशी काडीमोड झाला, खर्च वाढला, कर्ज चढले. १९८५ साली तो वॉशिंग्टन शहरातल्या रशियाच्या वकिलातीत गेला. ५० हजार डॉलर घेऊन त्याने आपल्या खात्याची गुपिते विकली. पुढे पैसा येतच राहिला. तिकडे रशियात अमेरिकेसाठी गुपचूप काम करणारी माणसे एकेक करून पकडली गेली. त्यांतल्या कित्येकांचा जीव गेला. आणि इकडे एम्सने ५ लाख ४० हजार डॉलरचे घर रोख पैसे मोजून घेतले! पगारदार माणसाजवळ एवढी रोकड आली कुठून? हे शोधायला फार उशीर झाला. १९९४ साली तो सापडला आणि त्याला जन्मठेप झाली.

म्हणून परवानगी देताना अमेरिकेत १३ बाबी तपासतात. पैशाचा व्यवहार ही त्यांतली एक. आपल्या केंद्र सरकारच्या नोकरांसाठी १९६४ सालचे वर्तणुकीचे नियम आहेत. सदा कर्जात राहू नये, असे त्यांतही सांगितले आहे.

मग कर्ज असले की परवानगी गेलीच का? नाही. अमुक डॉलरच्या वर कर्ज असेल तर बाद, असा आकडाच ठरलेला नाही. कर्ज कशाने झाले आणि माणूस त्याचे काय करतो, ते पाहतात.

समजा, दोन गडी आहेत. दोघांचे देणे सारखेच. पहिल्याची बायको आजारी पडली, त्यात त्याची नोकरी गेली. त्याने दवाखान्याला पत्र लिहून हप्ता बांधून घेतला. हप्ता लहान आहे, पण चुकत नाही. दुसऱ्याने ऋण काढून सण केला. नवी मोटार घेतली, जुगार खेळला. सावकाराची पत्रे तो फोडतसुद्धा नाही. पहिल्याला परवानगी मिळण्याची आशा पुष्कळ आहे. दुसऱ्याचे कठीण. सरकारचा कर बुडवणाऱ्याचेही तसेच कठीण.

पण सगळ्यांत वाईट म्हणजे लपवणे. अर्जाचा फॉर्म लांबलचक असतो. थकलेली देणी, दिवाळे, बुडवलेला कर, सगळे त्यात विचारतात. जाणूनबुजून खोटे लिहिणे हा गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय लपवून काही उपयोग नाही. कुणाचे किती थकले, याची नोंद तिकडे कंपन्या ठेवतात आणि सरकार ती मागवून घेते. ज्याने देणे लपवले, त्याला परका माणूस धाक घालू शकतो, ही भीती वेगळीच.

परवानगी नाकारायची झाली, तर कारणे लेखी कळवतात. अर्जदाराला उत्तर देता येते. सुनावणी मागता येते. मात्र शंका उरली, तर निकाल अर्जदाराच्या विरुद्ध जातो. तिथे तोंडी शपथेने भागत नाही. पहिल्या गड्याने दर महिन्याच्या हप्त्याच्या पावत्या जपून ठेवल्या असतील, तर त्या तिथे कामाला येतात.