जनरेटरचे तास

अंधेरीत लोखंडवाल्याच्या मागच्या बाजूला, चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला वर्सोव्याची खाडी रोज दिसते. भरतीला मासेमारीच्या बोटी आत येतात, ओहोटीला त्यातल्या काही चिखलात कलंडून बसतात आणि मढची फेरीबोट दिवसभर माणसं, टोपल्या आणि दुचाक्या या काठावरून त्या काठावर नेत असते. याच माणसाला स्वतःची यॉट घ्यायची असेल, तर मात्र ती बघायला त्याला अंधेरीहून थेट गेटवे ऑफ इंडियाला जावं लागतं. वर्सोवा, मढ, मार्वे, मनोरी, गोराई असा ऐसपैस किनारा उपनगर जिल्ह्याला आहे, पण पाण्यात दीड मीटर बुडणारी यॉट चोवीस तास तरंगती ठेवण्याची सोय तिथे नाही. खाडीच्या तोंडाशी गाळ आहे. धक्क्यावर आधीच रेटारेटी आहे. शिवाय तो धक्का कोळ्यांचा; तिथे पहिला हक्क बोंबलाचा आणि कोळंबीचा. मला विचाराल तर ते योग्यच आहे.

तर, या चौदाव्या मजल्यावरच्या गृहस्थांनी, त्यांच्या मुलुंडच्या मेहुण्यांनी आणि घाटकोपरच्या एका मित्रानं मिळून एक वापरलेली यॉट घ्यायचं ठरवलं होतं. तिघांनाही शनिवार-रविवारचंच काय ते पाणी हवं होतं. एका रविवारी सकाळी ते बोट बघायला निघाले आणि मी शेपटासारखा त्यांच्यामागे गेलो.

गेटवेला यॉट धक्क्याला लागलेली नसते. कोचीला मरिना आहे, जिथे माणूस तरंगत्या फलाटावरून चालत आपल्या बोटीपर्यंत जातो. मुंबई बंदरात प्रिन्सेस डॉकला तसं काही करायची चर्चा कैक वर्षं चालली आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालचा, पण त्याच्यासमोरच्या पाण्यात आजही बोटी तरंगत्या बोयाला साखळीनं बांधलेल्या असतात, दाव्याला बांधलेल्या गुरांसारख्या. ओहोटी लागली की सगळ्यांची तोंडं एका दिशेला, भरती लागली की सगळ्यांची उलट. म्हणून आधी पायऱ्यांवरून डिंगीत, म्हणजे छोट्या होडीत, उतरायचं, पायरीवरचं शेवाळ चुकवायचं, आणि मग यॉटच्या मागच्या फळीवर पाय ठेवायचा. तिथे एक वेताची टोपली असते. चपला-बूट त्यात. सागवानी डेकवर अनवाणीच चालायचं.

बोट छप्पन फुटी, इटलीत बांधलेली, नऊ वर्षांची. या आकाराच्या बोटींत इटलीच्या आझिमुत आणि फेरेत्ती, इंग्लंडच्या प्रिन्सेस आणि सनसीकर ही नावं नेहमीची. नवी घ्यायची तर सप्टेंबर २०२५ पासून नुसता जीएसटीच चाळीस टक्के आहे, त्यामुळे जुन्या बोटींच्या दलालांना सध्या बरे दिवस असावेत. आमच्या दलालानं तरी तशाच उत्साहात सुरुवात केली. आधी मागचा उघडा डेक, तिथलं टेबल, आठ माणसं बसतील असा सोफा. मग काचेचा सरकता दरवाजा आणि आत थंडगार दिवाणखाना. त्याच्या कडेला स्वयंपाकघर; फ्रीजला बाहेरून खटका, म्हणजे बोट हेलकावली तरी दार उघडत नाही; पेल्यांना कपाटात खोबणी. वर उघड्या गच्चीवर दुसरं सुकाणू.

मग जिना उतरून खाली. तीन खोल्या. मालकाची खोली बोटीच्या बरोबर मधोमध, पूर्ण रुंदीची. यात थाटापेक्षा शहाणपण जास्त आहे. लाटेवर बोट पुढून आणि मागून उचलली जाते, मधला भाग त्यामानानं कमी हलतो. पाहुण्यांची मोठी खोली नाळेत, म्हणजे अगदी पुढे. तिथे पलंगावर कान टेकला की पाणी दोन बोटं अंतरावर थपथपताना ऐकू येतं. मेहुण्यांनी तो पलंग दाबून बघितला, नळ सोडून बघितला, दिवे लावून-विझवून बघितले. फ्लॅट बघताना आपण करतो ते सगळं त्यांनी केलं.

दलाल दाखवतो तेवढी बोट म्हणजे निम्मीच. उरलेली निम्मी तांडेलाकडे, म्हणजे बोट चालवणाऱ्याकडे असते. हे तांडेल रेवसकडचे, साठीच्या आसपासचे, आणि इतका वेळ सुकाणूपाशी गप्प उभे होते. गृहस्थांनी विचारलं, "तांडेल, इंजिन बघायचं होतं." ते म्हणाले, "या की. त्याचसाठी थांबलोय." मागच्या डेकची चौकोनी फळी त्यांनी बिजागरीवर उचलली. आम्ही शिडीनं उतरलो आणि पाठ वाकवून उभे राहिलो.

दोन डिझेल इंजिनं, प्रत्येकी आठशे अश्वशक्तीची, मध्ये जेमतेम एका माणसाला आडवं होता येईल एवढी वाट. तांडेलांनी आधी काय सांगितलं असेल, तर इंजिनाला हात लावा. हात लावला, गार होतं. "तुम्ही यायच्या आधी कुणी तापवून ठेवलं असतं, तर समजायचं की गार असताना ते धड सुरू होत नाही." विकणाऱ्याच्या नोकरीत असलेला माणूस घेणाऱ्याला हे सांगत होता. दलालानं वरून खाकरून घेतलं.

खाली बघण्यासारखं पुष्कळ होतं. तळ पांढऱ्या रंगानं रंगवलेला, म्हणजे तेलाचा एक थेंब पडला तरी दिसावा. समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या पंपाच्या कडेला मिठाची पांढरी भुकटी जमली होती. तिथून पाणी झिरपतं, सील बदलावं लागणार. यॉटचं इंजिन समुद्राच्या पाण्यानं थंड होतं. पाणी तळातल्या झडपेतून आत येतं, गाळणीतून जातं, पंपातलं रबरी इम्पेलर ते पुढे ढकलतं आणि शेवटी ते धुरासोबत मागून बाहेर पडतं. गाळणी तुंबली की पाणी थांबतं, पाणी थांबलं की इम्पेलर कोरडं फिरून काही मिनिटांत फाटतं आणि इंजिन तापतं. तांडेलांनी झडप बंद केली, गाळणीचं काचेचं झाकण फिरवलं आणि आतली जाळीदार डबी वर काढली. थोडं शेवाळ, एक अर्धमेलं इवलंसं कोळंबीचं पिल्लू, दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा आणि गुटख्याच्या तीन पुड्या. "पावसाळा संपल्यावर तर रोज काढावं लागतं," ते म्हणाले. इटलीत या बोटीचा आराखडा काढणाऱ्यानं भूमध्य समुद्रातलं शेवाळ धरून ती जाळी मोजली असणार.

मग त्यांनी बॅटरीच्या उजेडात दोन छोटे आकडे दाखवले. इंजिनांचे तास होते ६४०. नऊ वर्षांत एवढेच. घाटकोपरच्या मित्राला आनंद झाला. गाडीच्या हिशेबानं ही बोट जवळजवळ नवी होती. पण समुद्रावर उभं राहिलेलं इंजिन चालत्या इंजिनापेक्षा लवकर खराब होतं. खारट हवा, साचलेलं पाणी, गंजणारे नळ. दुसरा आकडा जनरेटरचा होता: २९१०. इंजिन एक तास चाललं, तर जनरेटर साडेचार तास. या दोन आकड्यांत बोटीचं सगळं चरित्र होतं. ती फिरली कमी आणि उभी जास्त राहिली. काचा लावून, वातानुकूलन चालू ठेवून, बर्फाचं यंत्र आणि स्पीकर चालू ठेवून. मुंबईच्या हवेत एसीशिवाय त्या काचेच्या दिवाणखान्यात बसवत नाही, आणि बोयावर बांधलेल्या बोटीला किनाऱ्याची वीज मिळत नाही. म्हणजे जनरेटर बोटीच्या पोटात घरघरत राहणार. शांत समुद्रावरची संध्याकाळ म्हणून आपण जे पैसे मोजतो, ते बऱ्याच अंशी या जनरेटरला जातात. माझ्या मते या बोटीतली सगळ्यात खरी वस्तू तो आकडा होता, आणि दलालाच्या चकचकीत कागदावर तो नव्हता.

चाचणीसाठी बोया सोडला तेव्हा दहा वाजत आले होते. निघण्याआधी तांडेलांनी सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला लावलं, फोटोसाठी काढू दिलं नाही. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीकडे निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची इंजिन-चाचणीला निघालेली स्पीडबोट आदळली, ते याच बंदरात. त्यावर कुणी काही बोललं नाही. पट्टे मात्र मुकाट आवळले गेले.

बोट मांडव्याच्या दिशेनं निघाली. आठ नॉटपर्यंत बोट पाणी कापत निवांत जाते आणि दोन्ही इंजिनं मिळून तासाला तीस-चाळीस लिटर डिझेल पितात. त्यापुढे वेग हवा असेल तर बोटीला स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढावं लागतं. नाळ वर येते, क्षणभर पुढचं काही दिसत नाही, मग ती सपाट होऊन पाण्यावर घसरायला लागते. बावीस नॉटला तोच खप तासाला दोनशे लिटरच्या वर. मांडवा अर्ध्या तासात येतं, आणि शंभरेक लिटर गेलेले असतात. प्रवासी लाँचनं तास लागतो. डिझेलचा भाव ज्यानं त्यानं लावावा.

पूर्ण वेग दिल्यावर तांडेलांनी मला मागे बघायला सांगितलं. काळा धूर. निळा असता तर इंजिन तेल जाळत होतं. काळा म्हणजे त्याच्यावर ओझं जास्त आहे. इंजिनाचे फेरे मिनिटाला २३०० व्हायला हवे होते, काटा २१४० च्या पुढे सरकेना. दलाल डिझेलच्या दर्जाबद्दल बोलू लागला. तांडेल म्हणाले, "डिझेल नाही, साहेब. पंख्यावर आणि बुडाला शिंपले धरलेत. ऑक्टोबरनंतर बोट वर काढलीच नाही." हे फेब्रुवारीत. आपल्या कोमट पाण्यात बुडाचा विशेष रंग घासला गेला की काही आठवड्यांतच कडक, टोकदार कवचं चिकटतात.

परतताना दलालानं सुट्टीचे बेत सुचवले: मांडव्याला जेवण, काशीद, खांदेरी. खांदेरी १६७९ साली शिवाजी महाराजांनी बांधायला घेतली तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी जहाजं आणून ते काम रोखायचा प्रयत्न केला. मराठ्यांच्या लहान होड्या उथळ पाण्यातून त्यांना चुकवून बेटावर रसद नेत राहिल्या. आजही यॉटवाल्याला त्या उथळ पाण्याचं भान ठेवावं लागतं. आणि जेवण लांबवून तीन-साडेतीनला निघालात, तर उन्हाळ्यात दुपारचा वायव्येचा वारा बंदरात आखूड, उभ्या लाटा उठवतो. शनिवार-रविवारच्या जाहिरातीत तो वारा कधी दिसत नाही. खालच्या खोलीत आडवे पडलेले पाहुणे मात्र तांडेलांनी खूप बघितले आहेत.

बोया धरल्यावर मी खलाशांची खोली बघायला मागितली. मागच्या बाजूनं वाकून शिरायचं. दोन अरुंद बिछाने, एक बेसिन, भिंतीपलीकडे जनरेटर. एक तरुण खलाशी तिथे कपडे वाळत घालत होता. गोडं पाणी बोटीनंच आणावं लागतं, आणि त्यातलं बरंचसं डेक धुण्यात जातं. मीठ राहिलं तर सागवान आणि स्टील दोन्ही खराब होतं. मालक येवोत न येवोत, हे रोजचं. मेअखेरीला बोट पावसाळ्यासाठी आत हलवेपर्यंत, आणि हलवल्यावरही.

गृहस्थांनी तांडेलांना विचारलं, "बोट आम्ही घेतली तर तुम्ही राहाल का?" ते म्हणाले, "मी बोटीबरोबर आहे. तुम्ही तिसरे मालक."

सौदा तिथे झाला नाही. आधी बोट क्रेननं वर काढून बूड तपासायचं, मग भाव, असं ठरलं. क्रेनच्या धक्क्याला बोट नेण्यासाठी मोठी भरती लागते, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेचं उधाण. आणि मुंबईत उधाणाची भरती येते दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास. पुढची अमावास्या मंगळवारी होती. मुलुंडच्या मेहुण्यांची त्या दिवशी साडेबाराला ठाण्यात मीटिंग होती. त्यांनी रविवार चालेल का विचारलं. तांडेलांनी बोटांवर तिथी मोजली आणि रविवारी किती पाणी असेल ते सांगितलं. मेहुण्यांनी फोन काढून मीटिंग बुधवारवर ढकलली.