हारवाला वेगळा, डेकोरेशनवाला वेगळा

वैशाखातलं लग्न, मुहूर्त दुपारचा, पारा चाळिशीपार आणि मांडवाच्या तोंडाशी जरबेराची कमान. लोहारा तालुक्यातल्या सास्तूरच्या आसपास ज्यानं उन्हाळ्यातली लग्नं पाहिली आहेत, त्याला पुढचं सांगायला नको. अक्षता पडेपर्यंत फुलांनी माना टाकलेल्या असतात. यजमान म्हणतो, फूलवाल्यानं शिळा माल दिला.

माल बहुधा ताजाच असतो. जरबेरा वाढतो पॉलिहाउसमध्ये, त्याचा देठ लांब आणि मऊ, पाण्याबाहेर तो उन्हाच्या झळा सोसत नाही. त्याच मांडवात टांगलेला झेंडू मात्र संध्याकाळपर्यंत तोंड वर करून असतो. फूलवाला निवडायचा म्हणजे आधी फूल निवडायचं, हेच बहुतेक घरांत राहून जातं. मोबाइलवर स्टेजचा फोटो दाखवायचा आणि 'एवढ्यात बसव' म्हणायचं, एवढ्यावर सौदा होतो.

गावाकडे 'फुलांचं सगळं एकच माणूस बघतो' असाही समज असतो. प्रत्यक्षात मंडपवाला कापड आणि बांबू आणतो, डेकोरेशनवाला स्टेज उभं करतो आणि नवरा-नवरीचे हार, मुंडावळ्या, गजरे हे हारवाल्याचं काम. डेकोरेशनवाल्यानं हारांची ऑर्डर घेतलीच, तर तोही ती पुढं हारवाल्याकडेच देतो. मधे हात वाढला की पैसे वाढतात आणि वेळही जातो. हार थेट हारवाल्याला सांगावेत, हे उत्तम.

लांबून आलेलं फूल भारी, हा समजही तपासायला हवा. ऑर्किड बहुतांश थायलंडहून येतं. डच गुलाब आणि जरबेरा यांचं मोठं केंद्र म्हणजे पुणे जिल्ह्यातला मावळ, तळेगाव दाभाडेचा भाग. थंड पेटीतून आलेला गुलाब चांगला टिकतो, पण ती थंडाई टेम्पोत एकदा मोडली की त्याची चमक उतरणीला लागते. झेंडू, शेवंती, निशिगंध मात्र जवळपासच्या रानातूनही मिळू शकतात. सास्तूरच्याच जिल्ह्यात तुळजापूर आहे आणि भवानीच्या दारी फुलांना बारा महिने मागणी असते. म्हणून फूलवाल्याला विचारण्याचा पहिला प्रश्न भावाचा नाही. फूल कधी तोडलं आणि कशातून आलं, हे आधी विचारावं.

पाणी मारलं की फुलं टवटवीत राहतात, अशी पक्की समजूत आहे. देठाचं फूल पाणी पितं ते कापलेल्या टोकातून. बिनदेठाच्या झेंडूला पिण्याची सोयच नाही. ओला झेंडू पोत्यात दाबला की आतून गरम होतो आणि काळा पडतो. शिवाय सुटी फुलं किलोवर विकली जातात, म्हणजे पाण्याचेही फुलाच्या भावानं पैसे मोजावे लागतात! बाजारात भिजलेल्या मालाला व्यापारी उगाच कमी भाव देत नाहीत.

गजऱ्याचं गणित तर उलटंच आहे. दुपारच्या लग्नात पूर्ण उमललेला मोगरा दिसला, तर तो आदल्या दिवशीचा समजावा. मोगऱ्याची कळी पहाटे-सकाळी तोडतात आणि ती संध्याकाळी उमलते, त्यामुळे भर दुपारी ताजा गजरा मिटलेलाच असणार. मोगऱ्याचा मुख्य हंगाम उन्हाळ्याचा. तुळशीच्या लग्नानंतरच्या थंडीत तो मागितला तर महागात पडतो. शेवंतीचा बहर तेव्हा असतो.

अगोदर ठरवलं म्हणजे भाव पक्का, असं नसतं. फुलांचा भाव रोज ठरतो. दसऱ्याला आणि दाट लग्नतिथीला तो चढतो. 2020 च्या टाळेबंदीत मात्र लग्नं आणि देवळं थांबली आणि शेतकऱ्यांनी फुलांच्या उभ्या पिकात नांगर घातले. म्हणून ठरवताना रकमेसोबत फुलाचं नाव, किलो किंवा नग आणि ते न मिळाल्यास बदली फूल कोणतं, हे कागदावर लिहून घ्यावं. 'गुलाब' एवढंच लिहिलं, तर गावठीही गुलाबच आणि डचही गुलाबच.

प्लास्टिकच्या फुलांवर बंदी आहे, असं बरेच जण धरून चालतात. 1 जुलै 2022 पासून देशभर लागू झालेल्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या यादीत सजावटीचं थर्माकोल होतं, फुलं नव्हती. भाड्यानं आणून परत जाणारी कापडी फुलं उंच कमानीवर चालून जातात, गळ्यातला हार मात्र खरा हवा.

आणि परदेशी फूल लग्नात नको म्हणणाऱ्यांसाठी: झेंडू आणि निशिगंध ही दोन्ही मूळची मेक्सिकोकडची. तिथं झेंडू मृतांच्या स्मरणाच्या सणाला सजतो, इथं तोरणात.

एक बारीक गोष्ट राहिली. फुलांच्या पेट्या आल्या की त्या घरातल्या सगळ्यात गार खोलीत जातात. उन्हाळ्यात ती खोली म्हणजे कोठी आणि कोठीत आमरसासाठी आंब्याची अढी लावलेली. पिकत्या आंब्यातून इथिलीन वायू सुटतो आणि कार्नेशन, ऑर्किडसारखी फुलं त्यानं रातोरात म्हातारी होतात. पेट्या दुसऱ्या खोलीत ठेवाव्यात, थोडी कमी गार असली तरी.