हिरडी वाचली, तरच दात वाचेल

दात घासताना ब्रशला रक्त लागते, तोंडाला दुर्गंधी येते, एखादा दात किंचित हलल्यासारखा वाटतो. पण दुखत काहीच नाही. साहजिकच दंतवैद्याकडे जाणे लांबणीवर पडते. 'पायोरिया' या नावाने घरोघरी परिचित असलेल्या हिरड्यांच्या विकाराचा खरा धोका या न दुखण्यातच आहे. दात वरून धडधाकट दिसतो आणि तो ज्या हाडात रोवलेला असतो, ते हाड मात्र आतून झिजत जाते.

निरोगी हिरडी आणि दात यांमधील खाच साधारणतः १ ते ३ मिलिमीटर खोल असते. तेथे जिवाणूंचा थर साचतो आणि लाळेतील क्षारांमुळे त्याचे कठीण किटण बनते. हिरडी सुजते, दाताच्या मुळापासून सुटते आणि खाचेचा खोल कप्पा होतो. तेथे ब्रश पोहोचत नाही.

यावरील पहिला उपचार शस्त्रक्रिया हा नव्हे. प्रथम किटण काढून मुळांचा पृष्ठभाग स्वच्छ केला जातो. 'दात साफ केले, की ते हलू लागतात', हा समज चुकीचा आहे. हाड आधीच झिजलेले असते. किटणामुळे ते लक्षात येत नाही, इतकेच. या सफाईनंतर काही आठवड्यांनी कप्प्यांची खोली पुन्हा मोजतात. अनेक रुग्णांचा आजार येथेच आटोक्यात येतो. मात्र ५-६ मिलिमीटर वा त्याहून खोल कप्पे उरले आणि त्यांतून रक्त येत राहिले, तर 'फ्लॅप सर्जरी'चा विचार केला जातो.

या शस्त्रक्रियेत केवळ तेवढ्या भागाला भूल देऊन हिरडीला छेद घेतात व ती पदरासारखी अलगद बाजूला करतात. त्यामुळे मुळे आणि हाड डॉक्टरांना प्रत्यक्ष दिसतात. आतील किटण व रोगट ऊती काढून, हाडातील खड्डा योग्य आकाराचा असल्यास तेथे हाडाची भुकटी भरतात आणि हिरडी पूर्ववत बसवून टाके घालतात. साधारणतः आठ-दहा दिवसांत टाके काढले जातात. स्वीडनमधील लिओनार्ड विडमन यांनी १९१८मध्ये अशी पद्धत मांडली. रामफ्योर्ड आणि निसल यांनी १९७४मध्ये तिचे सुधारित रूप प्रसिद्ध केले.

रुग्णाने काही गोष्टी आधीच जाणून घ्याव्यात. सूज उतरल्यावर हिरडी थोडी खाली सरकते, दात लांब दिसतात, गार पाणी झोंबते. झिजलेले हाड बहुधा पूर्णपणे भरून येत नाही. उरलेले वाचवणे, हाच मुख्य हेतू असतो. मधुमेह आटोक्यात नसेल, तर जखम भरण्यास विलंब होतो. रक्त पातळ करणारी औषधे सुरू असल्यास डॉक्टरांना तसे सांगावे. ती स्वतःहून बंद करू नयेत. धूम्रपानामुळे हिरडीतून रक्त येणे कमी होऊन आजार झाकला जातो. आपल्याकडे अनेक घरांत दात घासण्यासाठी वापरली जाणारी मशेरी हीदेखील भाजलेली तंबाखूच आहे, हे विसरू नये.

शस्त्रक्रियेने आजार कायमचा संपत नाही. दोन वेळा ब्रश, दातांच्या फटींची रोजची सफाई आणि पहिल्या काळात साधारण दर तीन महिन्यांनी तपासणी, हे पथ्य पाळले नाही, तर कप्पे पुन्हा तयार होतात. ब्रशवरील रक्त हा हिरडीने दिलेला पहिला इशारा असतो. तो वेळीच ऐकला, तर बहुतेकांवर शस्त्रक्रियेची वेळच येत नाही.