दगडाचा पुन्हा दगड

भौतिक बदल उलटवता येतो, रासायनिक येत नाही, असे आपण शाळेत पाठ केलेले असते. ही कसोटी चुन्यापुढे टिकत नाही.

चुनखडीचा दगड कुटून भुकटी केली, तर तो पुन्हा अखंड होत नाही. तरीही हा बदल भौतिकच, कारण पदार्थ तोच राहिला. तोच दगड भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजला, की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि १०० किलो शुद्ध चुनखडीमागे ५६ किलो कळीचा चुना उरतो. ही घट दगडातून सुटलेल्या वायूची आहे, हे स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी १७५६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तराजूने दाखवले.

कळीच्या चुन्यावर पाणी घातले, की तो तापतो, फुगतो आणि विरतो. त्यात वाळू घालून केलेला गारा हे मिश्रण. त्याचे प्रमाण गवंडी ठरवतो. चुना हे संयुग; त्यातले प्रमाण कुणालाच बदलता येत नाही. भिंतीतला चुना मग हळूहळू हवेतला तोच वायू घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. तीन रासायनिक बदल होऊन पदार्थ मूळ पदावर!

तेव्हा प्रश्न ‘परत येतो का?’ हा नव्हे, ‘पदार्थ तोच राहिला का?’ हा आहे. जुन्या वाड्याच्या डागडुजीत तो महत्त्वाचा ठरतो. चुन्याचा गिलावा नुसता वाळायचा नसतो, त्याचा दगड व्हायचा असतो. म्हणून तो काही दिवस ओलसर ठेवतात. घाईने कोरडा पडला, तर वायू घेणे मंदावते आणि गिलावा कच्चा राहतो.