बुरशीचे पाणी न शिवणारे आवरण

पावसाळ्यात आपल्या निपाणी-बेळगाव भागात कडब्याच्या गंजीला बुरशी धरते. तिच्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. अळूच्या पानावर राहावा तसा तो गोल राहतो. बियाण्याला लावायची ट्रायकोडर्माची पूड पाण्यात लवकर भिजत नाही, त्यातही याच गुणाचा वाटा असतो. म्हणून ती आधी थोड्या पाण्यात कालवून घ्यावी.

हा गुण हायड्रोफोबिन नावाच्या प्रथिनांचा. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनच्या शास्त्रज्ञांनी १९९१ साली त्यांना हे नाव दिले. या प्रथिनाचा एक भाग पाण्याकडे ओढला जातो, दुसरा पाणी टाळतो. त्यामुळे साबणाप्रमाणे ते पाण्याच्या पृष्ठभागी जमते आणि फेस टिकवते. आइस्क्रीमसारख्या पदार्थांतील फेसासाठी कंपन्यांनी त्याचा अभ्यास केला तो यामुळेच.

मोठ्या प्रमाणावर ते काढायचे कसे? आपल्या ट्रायकोडर्माचीच एक भावकी, ट्रायकोडर्मा रीसी, मोठ्या टाकीत वाढवतात. ती प्रथिन बाहेर पाण्यात सोडते. पण बुरशीला हवा लागते, आणि हवेच्या बुडबुड्यांवर हेच प्रथिन चढून टाकी फेसाने उतू जाते. त्याबरोबर मालही जातो. बुरशी गाळून झाल्यावर पाण्यात साबणासारखे द्रव्य घालतात. त्याचा थर वेगळा होतो व प्रथिन त्यात उतरते. मग एका अल्कोहोलने ते द्रव्य काढून घेतले की प्रथिन स्वच्छ पाण्यात उरते. काही जातींचे प्रथिन मात्र एकदा पापुद्रा धरले की साबणाच्या पाण्यात उकळूनही विरघळत नाही. त्याला तीव्र आम्लच लागते. अशा चिवटपणामुळे हा माल स्वस्त होणे अवघड जाते.

शेतकरी बांधवांनी याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. कुजक्या वैरणीत वाढणाऱ्या ॲस्परजिलस फ्युमिगेटस बुरशीच्या बीजाणूंवर हेच आवरण असते. त्यामुळे शरीराची संरक्षक यंत्रणा त्यांना चटकन ओळखत नाही, असे २००९ साली संशोधनात दिसून आले. निरोगी माणूस बहुधा निभावून नेतो. पण दमेकऱ्यांना व क्षयाने फुप्फुसे खराब झालेल्यांना धोका अधिक.

तेव्हा बुरशी आलेली वैरण घरातील अशा माणसांना हलवू देऊ नये. इतरांनीही नाकातोंडावर चांगला मास्क बांधून, वाऱ्याकडे पाठ करून ती काढावी. ती जनावरांना घालू नये. खोकला वा धाप हटेना, तर वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवावे आणि कोणते काम केले तेही सांगावे.